मऊ झालेली लुगडी

॥ श्री ॥
भिलाई, सेक्टर ५
२४ ऑक्टोबर १९६३

ती. सौ. सिंधुताईंस,
धाकट्या भावजयीचा सा. न. वि. वि.

दसऱ्याला रायपूरला आलो तेव्हा तुम्ही विचारलं होतं की नलू, माझा भाऊ कारखान्यात गेल्यावर त्या दोन खोल्यांत तू दिवसभर करतेस तरी काय. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता पक्कं उत्तर आहे, फरशी पुसते.

आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलं आहे, ताई. मागच्या रस्त्याला व्हेराबाई म्हणून रशियन बाई राहत. त्यांचे साहेब भट्टीवर यांचे वरिष्ठ. मुदत संपून ते दोघं पंधरा दिवसांपूर्वी आपल्या देशी गेले. जाताना बाईंनी पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं, माझे गाल धरले आणि काहीतरी बोलून रडल्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण मीही रडले. पिल्लू बदामी रंगाचं, सोललेल्या नारळाएवढं. ही जात म्हणे मांजरापेक्षा मोठी होतच नाही. मी तिचं नाव चारोळी ठेवलं आहे.

आम्ही वरच्या मजल्यावर. खाली मोकाट कुत्र्यांची टोळी, वर घारी, आणि मैदानापलीकडे अजून कोल्हे आहेत. एवढ्याशा जिवाला खाली नेणार कसं? तेव्हा जे काय करायचं ते घरातच. व्हेराबाईंच्या मोरीजवळ कापडाची एक जाड घडी असे आणि मोठी कुत्री आपण होऊन तिच्यावर जाऊन बसे. मला वाटलं, हे त्यांना उपजत येत असावं. कसलं उपजत! चारोळीने मोरी सोडून बाकी सगळं घर पावन केलं. काल तुमचे भाऊ पाळी करून आले, बूट काढले आणि मोज्यानिशी थेट डबक्यात उभे राहिले. म्हणाले की भट्टीतलं उकळतं लोखंड नेमक्या नालीतून वाहतं आणि या घरात चमचाभर पाणी जागेवर जात नाही.

खरं सांगू का, ताई, डबक्याचं मला काही वाटत नाही. नवीन भट्टीच्या कामामुळे यांना जादा पाळ्या. घरी आले की झोपतात. डावीकडे आंध्रचं कुटुंब, उजवीकडे बंगाली. माणसं चांगली आहेत. हसतात, वाटी देतात, वाटी घेतात आणि दार लावून घेतात. एखादा दिवस असा जातो की दूधवाल्याशी ‘आधा सेर’ म्हटलं तेवढंच तोंड उघडलं. आता चारोळीशी बोलते. भिलाईत माझं मराठी ऐकणारं कोणीतरी आहे.

मायला बोलवावं तर ती येणार नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा आमच्याकडचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. सात वर्षांत एकदाच आली. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात माझं पोटातलं गेलं तेव्हा. येताना गावच्या विहिरीची घागर आणि भाकरी बांधून आणली होती. दुसऱ्या दिवशी घागर संपली तशी निघाली. मी अंथरुणातून तिला जाताना पाहिलं.

तिला कुत्र्याचं कळवू नका. अंगणात शिरलेल्या कुत्र्यामागे ती फुंकणी घेऊन धावते. तुमच्या घरमालकीणबाईंकडे असलंच लहान कुत्रं आहे ना? त्यांनी कसं शिकवलं ते विचारून लगेच कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
नलू


॥ श्री ॥
रायपूर
३१ ऑक्टोबर १९६३

चि. सौ. नलूस,
सिंधुताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इकडे पोट धरधरून हसलो. तेजरामला सांग की लहानपणी तो स्वतः सहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा, आणि ते वाळत मी घालायची. त्याने मोज्यावरून कुरकुरू नये.

आमच्या घरमालकीण सुहासिनीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की चूक कुत्रीची नाही, तुझी. तिला आख्खं घर मोकळं दिलंस तर ती आख्खं घर वापरणार. आधी मोरीजवळच्या कोपऱ्यातच ठेव, पाट आडवा लावून. झोपून उठली की उचलून घडीवर, दूध प्याली की घडीवर, खेळून थबकली आणि जमीन हुंगायला लागली की धावत घडीवर. जमलं की लाड कर. नाही जमलं तर गप्प पुसून टाक. नाक घासू नको, मारू नको, नाहीतर ती तुझ्यापासून लपून पलंगाखाली करायला शिकेल. घडी बदलताना जुन्या ओल्या कापडाचा तुकडा नव्या घडीवर राहू दे, वासाने तिला जागा कळते. आणि जिथे चुकून केलं असेल तिथे व्हिनेगरच्या पाण्याने पूस म्हणजे तिथला वास मरेल. महिनाभर तरी लागेल म्हणतात. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ही म्हण मी त्यांना ऐकवली, तर म्हणाल्या की हे शेपटाचं नाही, धन्याच्या चिकाटीचं काम आहे.

वर्तमानपत्र घालू नको. ते फरशीवर घसरतं आणि पिल्लू फाडून खातं. चार पदरी कापड गोधडीसारखं शिवून घे, दहाबारा तरी, म्हणजे धुवून वाळेपर्यंत पुरतील. मात्र कापड सुती, जुनं, वापरून वापरून मऊ झालेलं हवं. माझी जुनी लुगडी मी दिवाळीला बोहारणीला देऊन बसले आणि त्याबदल्यात एक गळकं पातेलं घेतलं, तेव्हा मी कामाची नाही. तुझ्या मायकडे पेटीभर असतील. तिच्याकडून मागव.

एकटं वाटतं ते लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटायचं तू नुसती घुमी आहेस.

थोरल्या नणंदेवर राग नसू दे, एवढंच मागणं.
सिंधुताई


॥ श्री ॥
भिलाई
८ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप मायच्या चरणी
नलूचा दंडवत.

इकडे आम्ही दोघं खुशाल. थंडी पडायला लागली आहे. यांना पाळ्या फार आहेत म्हणून दिवाळीला येता आलं नाही, ते मनात ठेवू नको. धान कापणी कुठवर आली? तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

एक काम आहे, माय. तुझी जुनी सुती लुगडी असतील तर पाठव. विटकी चालतील, फाटकी चालतील. वापरून चांगली मऊ झालेली हवीत. कशाला ते मग लिहीन.

शामरावकाकांना नमस्कार सांग. ते पत्र वाचून दाखवतात, लिहून देतात, त्यांचे उपकार आहेत.

तुझ्या मायेची भुकेली
नलू


॥ श्री ॥
मु. मोहगाव, ता. साकोली, जि. भंडारा
१८ नोव्हेंबर १९६३

चि. सौ. नलूबाईस,
अनेक आशीर्वाद विशेष.

पत्रलेखक शामराव, शाखा डाकघर, मोहगाव. मातोश्री मैनाबाई समोर बसून सांगत आहेत. शब्द त्यांचे, अक्षर माझे.

तुझे पत्र ऐकले. एकदा नाही, तीनदा ऐकले. तू लुगडी मागितलीस आणि कशाला ते लिहिले नाहीस. लिहू नको. पत्र कोण वाचतो हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, आणि असल्या गोष्टी पुरुषमाणसाच्या तोंडून ऐकायच्या नसतात. लेकीने मायची मऊ लुगडी मागावी आणि मायला कळू नये, एवढी मी म्हातारी झालेली नाही.

मागच्या वेळी आपण फार लवकर बोललो होतो. ह्या वेळी कागदावर एक शब्द लिहू नको. भरलेली बादली उचलू नको. जिना उतरताना कठड्याला हात लाव. पपई खाऊ नको. उन्हात केस वाळवत बसू नको.

गाठोडे डाकेने पाठवले आहे. त्यात माझी चार लुगडी आहेत. एक राधाबाईचे आहे. तिला नव्वदी उलटून गेली, गावात तिच्याएवढे कोणी जगले नाही, म्हणून तिचे मागून घेतले. आणि तुझ्या बाबांचे एक धोतर आहे. पहिले कापड घरातल्या थोर माणसाचे असावे. ते धोतर मी आजवर कोणाला हात लावू दिले नव्हते. बाकीची बाळोती मी इथेच शिवायला घेतली आहेत, तू डोळे फोडू नको.

(यापुढचे जसे बोलल्या तसेच लिहावे असा हुकूम आहे, म्हणून लिहितो : ‘पोरी, चैतात मी येतो. येवढ्या खेपेले घागर आनत नाई. तुह्या घरचं पानी पीन. सात वर्सं झाले, माहा गळा सुकून राहिला.’)

मातोश्री डोळ्याला पदर लावून आहेत, पण चेहरा हसरा आहे. माझेही आशीर्वाद घ्यावेत. पत्राचा विषय मला समजलेला नाही असे समजावे.

माहेरची ओढ अशीच राहो.
मैनाबाई यांच्यातर्फे
शामराव


॥ श्री ॥
भिलाई
२६ नोव्हेंबर १९६३

ती. सौ. सिंधुताईंस,
नलूचा सा. न. वि. वि.

सोबत मायचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? आता सांगा, मी काय करू?

मला कसं सुचलं नाही, ताई? आमच्या गावात लेकीचं लुगड्यासाठी पत्र आलं की शेजारणी बोटं मोजायला लागतात. मी लहानपणापासून बघत आले आहे. पण मी त्या दिवशी कुत्रीच्या घडीचाच विचार करत होते. मायचं लुगडं कुत्रीखाली जाणार हे सांगायची लाज वाटली, म्हणून ‘कशाला ते मग लिहीन’ असं लिहून बसले. त्या एका ओळीने घात केला.

गाठोडं काल आलं. उघडलं तर मायच्या पेटीचा वास आला. वाळा आणि थोडासा धूर. मी त्यात तोंड खुपसून किती वेळ बसले कोण जाणे. मागे वळून बघते तर चारोळीने बाबांचं धोतर ओढून कोपऱ्यात नेलं होतं, तीन वेळा त्याच्याभोवती फिरली आणि अगदी मधोमध बसून तिने शू केली. दीड महिन्यात पहिल्यांदा बरोबर जागी. लाड करायचे असतात ना? मला लाडही करता आले नाहीत आणि मारताही आलं नाही. धोतर धुऊन वाळत घातलं. बाकीच्या कापडाला कात्री लावलेली नाही.

तुमचे भाऊ पत्र वाचून आधी हसले. मग ‘घागर आणत नाही’ तिथे आले आणि त्यांनी पत्राची घडी घातली. कपडे करून पाळीवर गेले. जाताना म्हणाले की उद्याच्या उद्या खरं लिहून टाक.

मी लिहिलेलं नाही. माझ्या मनात काय काय येतं ते तुम्हालाच सांगते. चैत्राला चार महिने आहेत. चार महिन्यांत खरंच काही झालं तर? आणि नाहीच झालं तरी ती येईल तर खरी. दारात आल्यावर सांगितलं तर रागावेल, रडेल, पण लगेच मागे फिरेल का? एक दिवस तर राहील. मी एवढी वाईट झाले आहे, ताई. मायला फसवून बोलवायचा विचार करते आहे.

काय ते रोखठोक लिहा.
तुमच्या धाकाची गरज असलेली
नलू


॥ श्री ॥
रायपूर
२ डिसेंबर १९६३

चि. नलूस आशीर्वाद.

रोखठोक मागितलंस म्हणून लिहिते. तुझी माय दोन महिन्यांनी पोटाचा घेर विचारील, चार महिन्यांनी ओटीचं विचारील. तेव्हा काय उशी बांधून फोटो पाठवणार आहेस? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ही मूठ झाकून राहणारी नाही. आज सांगशील तर तिला दुःख होईल. चैत्रात तुझ्या दारात उभी राहून कळलं तर दुःख होईल आणि वर अपमान. गावभर तोंड दाखवायचं आहे त्या बाईला.

तू वाईट नाहीस. एकट्या माणसाला असले विचार येतात. तुझं पत्र वाचून मी एक दिवस स्वतः हिशेब करत बसले की चैत्रापर्यंत खरंच जमलं तर काय बहार होईल, म्हणजे बघ. पण ते देवाचं काम, पत्र लिहिणं तुझं काम.

मी लिहू का असं विचारू नको. तुझं तूच लिही, आणि कुत्रीचं लपवू नको. अर्धं खरं पुन्हा अर्ध्याच गोष्टीला जन्म देतं. चारोळी पुढे कशी आहे? सुहासिनीबाई रोज विचारतात.

रागावले तरी तुझीच,
सिंधुताई


॥ श्री ॥
भिलाई
१० डिसेंबर १९६३

आदरणीय शामरावकाकांस,
सप्रेम नमस्कार. कृपा करून हे पत्र डाकघरात वाचू नये. मायच्या घरी जाऊन, ती बसलेली असताना आणि दुसरं कोणी नसताना वाचावं. वाचताना थांबू नये, माझी विनंती आहे.

तीर्थरूप माय,
नलूचा दंडवत.

माय, मला दिवस गेलेले नाहीत.

लुगडी मी वेगळ्या कामाला मागितली होती. आमच्या घरी दोन महिन्यांपासून एक कुत्र्याचं पिल्लू आहे. ते फार लहान आहे, त्याला खाली नेता येत नाही. मोरीजवळ कापडाची घडी घालून त्याला तिथे शू करायला शिकवायचं असतं. त्या घडीला मऊ कापड लागतं म्हणून मी तुझ्याकडे मागितलं. तू काय समजशील हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही, आणि तुझं पत्र आल्यावर दोन आठवडे मी गप्प राहिले. पहिली चूक होती, दुसरी चूक नाही. दुसरी मी जाणूनबुजून केली. तू ‘येतो’ म्हणालीस आणि मला ते पुसवेना.

तुझ्या लुगड्यांना मी कात्री लावलेली नाही. राधाआजीचंही तसंच आहे. बाबांचं धोतर मात्र पिल्लाने ओलं केलं. मी ते तीन पाण्यांतून काढलं. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहिते.

मी एकटी आहे, माय. हे तुला कधी लिहिलं नाही. पत्र दुसऱ्याने वाचायचं, आणि कोणाला वाटायचं जावई नीट वागवत नाही. जावई चांगले आहेत. पण ते भट्टीवर असतात, नाहीतर झोपलेले असतात. भोंगा झाला की खालच्या रस्त्याने सायकलींची रांग जाते, भोंगा झाला की परत येते, आणि मध्ये मी दोन खोल्यांत एक भांडं चारदा घासते. तुझा नेम मोडावा असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण त्या खेपेला तू घागरीतलं शेवटचं पाणी प्यायलीस आणि घागर उपडी केलीस, तेव्हा मला वाटलं होतं की एवढा मोठा कारखाना बांधणाऱ्या लोकांच्या गावात माझ्या घरचा एक घोट पाणी माझ्या मायला चालत नाही.

पिल्लाला फेकून दे म्हणशील तर ते मला जमणार नाही. बाकी तू म्हणशील ते ऐकते.

तुझ्या पायाशी
नलू


॥ श्री ॥
मोहगाव
२१ डिसेंबर १९६३

चि. सौ. नलूबाईस,
शामरावचे आशीर्वाद विशेष.

हे पत्र मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत आहे. मातोश्रींनी सांगितलेले नाही. आपण लिहिल्याप्रमाणे घरी जाऊन, एकटे गाठून, न थांबता वाचले. बावीस वर्षे लोकांची पत्रे वाचतो आहे. मृत्यूच्या तारा वाचल्या आहेत. परंतु आपल्या पहिल्या ओळीएवढी जड ओळ कधी वाचली नव्हती.

मातोश्री सूपभर तांदूळ निवडत होत्या. शेवटपर्यंत निवडत राहिल्या. पत्र संपल्यावर त्यांनी धोतराचा मजकूर पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग उठून आत गेल्या. मी बराच वेळ ओसरीवर बसलो आणि निघून आलो.

आपल्याला माहीत असावे म्हणून लिहितो. त्यांनी पाच घरी गूळ वाटला होता. कारण सांगितले नव्हते, तरी सर्वांना कळले होते. अकरा बाळोती शिवून झाली होती. मी स्वतः पाहिली, टाके फार बारीक आहेत. पूर्वी डाकेची पिशवी येण्याच्या वेळेला त्या रोज पारावर येऊन बसत. आता आठवडाभरात फिरकल्या नाहीत. शेतावर जातात, येतात. प्रकृती ठीक आहे.

दोष आपल्या एकटीचा नाही. त्या दिवशी मीही तसेच समजलो होतो, आणि खुशीच्या भरात पुन्हा विचारून घेतले नाही. पत्रलेखकाने विचारावे, असे आता वाटते.

कळकळीबद्दल गैरसमज नसावा.
आपला
शामराव


पोस्टकार्ड
भिलाई, ४ जानेवारी १९६४

माय,
दंडवत. तुझं काहीच पत्र नाही. चारोळी आता आपण होऊन घडीवर जाते. आठ दिवसांत एकदाही चुकलेली नाही. पोत्याच्या कापडाची घडी केली आहे, खरखरीत आहे पण चालते. ही गोष्ट सांगायला इथे मला कोणी नाही. शिव्या दे, पण शामरावकाकांकडून दोन ओळी पाठव.
नलू


॥ श्री ॥
मोहगाव
१६ जानेवारी १९६४

चि. सौ. नलूस,
मैनाबाईचे आशीर्वाद.

शब्द मातोश्रींचे, अक्षर शामरावचे. संक्रांत झाली, आणि आज त्या स्वतः डाकघरात आल्या, आणि माझे टपाल बाजूला सारायला लावून सांगू लागल्या.

पोरी, मी रागावले होते. खोटे कशाला सांगू? पाच घरी गूळ वाटला, आणि पाच घरांच्या बाया मला पाहून आवाज हलका करायच्या. तुझ्यावर राग, त्या कुत्रीवर राग, आणि माझ्यावर जास्त. लेकीने कापड मागितले ते ऐकू आले आणि कशाला ते विचारायची मला गरज वाटली नाही. सात वर्षे मी एकाच बातमीची वाट पाहत होते, म्हणून तुझ्या प्रत्येक पत्रात तेवढेच शोधायची. तू कशी आहेस हे कधी शोधले नाही. तू एकटी आहेस हे ते पत्र ऐकेपर्यंत मला माहीत नव्हते. मायला माहीत नव्हते!

माझेही ऐक. लुगड्याचे पत्र आले तेव्हापासून हे खोटे उघडे पडेपर्यंत जे दिवस गेले ना, तसे दिवस तुझे बाबा गेल्यापासून आले नव्हते. सकाळी उठले की हाताला काम होते. कोणासाठी तरी शिवत होते. नंतर सुई ठेवून दिली तर घर मला खायला उठले. तेव्हा कळले की तू कुत्रे कशाला आणलेस.

काल राधाबाईला तिचे लुगडे कशासाठी लागले ती खरी गोष्ट सांगायला गेले. वाटले, म्हातारी रागावेल. ती बोळके तोंड उघडून हसली. म्हणाली की माझ्या सहा लेकरांनी माझी लुगडी ओली केली, त्यातले आज एक हयात नाही. कुत्रे तर कुत्रे, कोणी जिते आहे ना. मग मी घरी आले आणि विचार करत बसले की हा नेम कोणी घातला असेल. लेकीच्या सासरावर मायबापाने जड होऊ नये म्हणून घातला असेल. तुझे सासर म्हणजे तू आणि तेजराम. तुम्हा दोघांना माझ्या एका तांब्याचे काय ओझे? तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी, आणि मध्ये हा नेम बसवून ठेवला आहे. सात वर्षे मी तो पाळला, त्याने मला काही दिले नाही.

लुगड्यांना कात्री लाव. पोत्याच्या कापडावर एवढेसे जनावर बसते, त्याला टोचत नसेल का? धोतर मात्र राहू दे, ते मी घेऊन जाईन. पिल्लू झोपून उठले की तोंडाने बारीक ‘शूऽऽ’ असा आवाज करत जा. तू त्याच आवाजाने शिकलीस, तीन दिवसांत. त्याला चुलीजवळ येऊ देऊ नको. ते मी चालवून घेणार नाही, आधीच सांगते.

मी चैताची वाट पाहत नाही. येत्या सोमवारी निघते. शामराव गोंदियापर्यंत सोबत येतात, तिथून मी मोठ्या गाडीत बसेन. जावयांनी दुर्गच्या ठेसनावर उभे राहावे. पाळी असेल तर शेजारच्या आंध्रवाल्याला उभे करावे, मी खुणेने ओळखेन. अकरा बाळोती सोबत आणते. कुत्रीला द्यायची की ठेवायची, ते तिचे तोंड पाहून ठरवीन.

(पत्र संपवताना मी विचारले की घागर कोणती बांधायची, म्हणजे गाडीत सांभाळायला बरे. त्यावर जे बोलल्या ते जसेच्या तसे लिहितो.)

‘घागर काहाले? नलूच्या घरी कोनीतरी बाळोतं ओलं करून राहिलं ना? मंग मी पानी पीन.’

भेटीअंती सर्व.
मैनाबाई